बाबांची छापलेली शपथ

आमच्या घरात खुर्च्या कमी आणि गठ्ठे जास्त होते. पाहुणा आला की आई एखाद्या गठ्ठ्यावरची धूळ पदराने पुसायची आणि म्हणायची, बसा, हे अजून वाटायचे आहेत. वारज्यातल्या त्या दोन खोल्यांत मी वाचायला शिकले ती पत्रकांच्या मथळ्यांवरून. बाबा शहरातल्या एका छोट्या छापखान्यात कामाला होते. दिवसभर संगणकावर लग्नपत्रिका, बिलबुकं आणि क्लासच्या जाहिराती लावायचे, आणि संध्याकाळी मालकाच्या परवानगीने उरलेल्या कागदावर स्वतःचं पत्रक छापून घ्यायचे. कधी ते येशूच्या सुवार्तेचं असायचं, कधी दारूविरुद्ध, कधी हुंड्याविरुद्ध, आणि एकदा तर बसथांब्यावर म्हाताऱ्यांना बसायला बाक नाही याविरुद्ध. त्यांच्या लेखी हे सगळं सुवार्तेचंच होतं. छापताना बिघडलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. त्यामुळे माझ्या वहीत त्रैराशिकाच्या पाठीमागे नेहमी पश्चात्तापाची हाक असायची.

रविवारी दुपारनंतर बाबा मला आणि रूथताईला पत्रकं वाटायला न्यायचे. रूथताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला हे आवडायचं नाही, पण ती यायची. मला मात्र फार आवडायचं. पुण्यात पत्रक वाटणं म्हणजे काय असतं, हे ज्याने वाटलंय त्यालाच कळेल. लोक कागद नाकारत नाहीत. ते तो घेतात, उभ्याउभ्या वाचतात आणि मग आपलं मत सांगतात. कोथरूडमध्ये एका आजोबांनी एकदा अख्खं पत्रक वाचून काढलं, खिशातलं पेन काढून दोन ठिकाणी खुणा केल्या आणि ते बाबांना परत दिलं. "विचार ठीक आहेत," ते म्हणाले, "वाक्यं लांब आहेत." बाबांना राग आला नाही. घरी येईपर्यंत ते स्कूटरवर तीच वाक्यं मोठ्याने तोडून बघत होते.

मी अशी वाढले, आणि म्हणून माझा असा समज झाला की जे छापलं ते पक्कं. बोललेलं माणूस विसरतो, नाकारतो, पण कागदावर आलेलं फिरवता येत नाही. आज मी स्वतः लिहिते, रोज काहीतरी लिहून लोकांच्या शिव्या खाते, आणि लिहिलेलं किती सहज फिरवता येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पण तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि बाबा माझ्यासाठी या शहरातले एकमेव खरं बोलणारे गृहस्थ होते. त्याच वर्षी त्यांनी ते पत्रक काढलं.

आमचं चर्च शहराच्या जुन्या भागात, एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी. आवाराच्या फाटकाशी, आतल्या बाजूला, एक नळ होता. गल्लीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथून पाणी भरायच्या. रविवारी आम्ही आत गात असू तेव्हा बाहेर हंड्यांचा आवाज येत राहायचा, आणि मला तो उपासनेचाच भाग वाटायचा. मग आवारात नवे ब्लॉक बसवले. पाणी सांडून चिखल होतो, लहान मुलं घसरतात, असं चर्चच्या पंचकमिटीत निघालं, आणि नळाभोवती लोखंडी पेटी बसवून तिला कुलूप लावलं. बाबाही त्या कमिटीत होते. विरोध करणारे ते एकटेच. कुलूप लावण्याचा ठराव मांडला होता चिटणीस ओहोळकाकांनी. हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कोथरूडच्या मोठ्या सोसायटीत राहणारे आणि त्या सोसायटीचेही चिटणीस. बोलणं मोजकं, कपडे कडक इस्त्रीचे. बाबा घरी आले आणि जेवले नाहीत. तीन दिवसांनी पत्रक छापून आलं. मथळा होता, "तहानलेल्याच्या तोंडावर कुलूप". त्यात ओहोळकाकांचं नाव नव्हतं, पण "चाव्यांचे चिटणीस" असा शब्द होता आणि तो कोणासाठी आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शेवटची ओळ ठळक अक्षरांत होती: हे कुलूप निघेपर्यंत मी या प्रभुमंदिराची पायरी चढणार नाही.

आईने ते वाचलं तेव्हा ती कांदा चिरत होती. "शपथच वाहू नका असं आपल्याला शिकवलंय," ती म्हणाली, "त्याचं पत्रक कधी काढताय?" बाबा म्हणाले, ही शपथ नाही, भूमिका आहे. आईने कांदा कढईत टाकला.

कुलूप निघालं नाही. पण बाबा चर्चला जायचे थांबलेही नाहीत, आणि हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. दर रविवारी आम्ही चौघं दोन गाड्यांवर वारज्याहून निघायचो. आई आणि रूथताई आत जाऊन बसायच्या. बाबा आवारात, बदामाच्या झाडाखाली, लावलेल्या दुचाक्यांच्या शेजारी उभे राहायचे. मी कोणी न सांगता पहिल्याच रविवारी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. आवारात कसे येता, असं कोणी टोचलं तर बाबा म्हणायचे, मी पायरी लिहिली आहे, आवार नाही. खिडक्या उघड्या असायच्या. आत बाजाची पेटी वाजली की बाबा बाहेरून गायचे, आणि आतल्यांपर्यंत पोचावं म्हणून जरा वरच्या पट्टीत गायचे. प्रार्थनेला डोळे मिटायचे. उपदेश न पटला तर डोळे उघडायचे. एकदा पाळकसाहेब उपदेशात सलग तीनदा "वगैरे" म्हणाले, तेव्हा बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला तोंडावर रुमाल धरावा लागला.

फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी ते हसायचे नाहीत. त्या दिवशी आत प्रभुभोजन असायचं. भाकरीचा तुकडा आणि लहानशा पेल्यातला द्राक्षरस बाकाबाकांवरून फिरायचा, पेल्यांचा नाजूक किणकिणाट बाहेर ऐकू यायचा, आणि बाबा झाडाच्या खोडावर हात ठेवून उभे राहायचे. आमच्या लोकांत त्या पेल्यावाचून राहणं म्हणजे काय, ते मी इथे फार सांगत बसत नाही. घरच्या पंगतीला आपलं ताट नसावं, तसं. पाळकसाहेब एकदोनदा ताट घेऊन बाहेर यायला निघाले होते, पण बाबांनीच हात जोडले. म्हणाले, भांडण करून मागच्या दाराने जेवायचं नसतं. मला त्यांचा अभिमान वाटायचा. मला वाटायचं, हीच खरी श्रद्धा, आणि आत बसलेले सगळे नुसते बसलेले आहेत.

अशी तीन वर्षं गेली. या मुदतीत एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे आम्ही कोणी नीट पाहिलं नाही. महापालिकेने गल्लीत नवी लाइन टाकली आणि घराघरात नळ आले. पेटी आणि तिचं कुलूप तसंच राहिलं, गंजत. बाबांची भूमिकाही तशीच राहिली.

मग रूथताईचं लग्न ठरलं. मुलगा आशिष, मूळचा नगरकडचा, खराडीच्या एका कंपनीत नोकरीला, हसरा आणि जरा जाडसर. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा गठ्ठ्यावर बसला आणि बसल्याबसल्या त्यातलं एक पत्रक काढून वाचायला लागला, म्हणून बाबांना पसंत. आईने त्या दिवशी मटणाचा रस्सा केला होता. शनिवारीच सुकं खोबरं आणि कांदा भाजून ठेवलेला, त्या वासाने खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून विचारून गेल्या होत्या. आशिषने तीन वेळा भात घेतला. जेवण झाल्यावर त्याच्या आईने सहज विचारलं, लग्न तुमच्याच चर्चमध्ये ना? आई हो म्हणाली. बाबा पाणी प्यायला उठले.

त्या संध्याकाळी रूथताई बोलली. ती कधी भांडायची नाही, म्हणून ती बोलली की ऐकावं लागायचं. बाबांनी आधीच तोडगा काढून ठेवला होता. ते तिला पायरीपर्यंत आणतील, तिथून पुढे मामा आत नेईल. नाहीतर आवारात मांडव घालू, देव काय भिंतींच्या आतच असतो का? रूथताईने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, आई तीन वर्षं शेजारच्या जागेवर पर्स ठेवते," ती म्हणाली. "कोणी बसू नये म्हणून. तुम्हाला माहीत आहे?"

बाबांनी भाकऱ्या वाढणाऱ्या आईकडे पाहिलं.

"मामा मला नकोय. तुम्ही हात धरून आत न्याल तर मी त्या चर्चमध्ये लग्न करीन. नाहीतर आम्ही दोघं कचेरीत जाऊन सही करू. मग तुम्ही त्यावर काय छापायचं ते छापा."

मी बाबांच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं, तर आईने माझ्या ताटात भाकरी टाकली. गप्प बस, असा त्याचा अर्थ.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार मंडळीसमोर सूचना वाचतात. अमक्याची मुलगी आणि तमक्याचा मुलगा यांचा विवाह योजला आहे, कोणाची हरकत असेल तर त्याने ती आता सांगावी. हरकत कोणी घेत नाही. पण पाळक ते वाक्य वाचून थांबतात, आणि त्या थांबण्यात सगळ्या बाया खोकतात. पहिल्या रविवारी सूचना वाचली गेली. बाहेर बाबा बायांचं खोकणं संपेपर्यंत खिडकीकडे पाहत राहिले. दुसऱ्याही रविवारी काही झालं नाही. त्या दिवशी गल्लीतल्या नसीमआपा भाजीची पिशवी घेऊन फाटकाशी थांबल्या. त्या शिवणकाम करायच्या. नळाच्या वेळी सर्वांत मोठा हंडा त्यांचा असायचा. बाबांनी पत्रकात लिहिलेली "तहानलेली" ती बहुतेक त्याच.

"साळवेभाऊ," त्या म्हणाल्या, "आमच्या घरात नळ येऊन दोन वर्षं झाली. आता तर वॉशिंग मशीन घेतलं. तुम्ही अजून बाहेरच?"

बाबा ओशाळून हसले. म्हणाले, प्रश्न तत्त्वाचा आहे.

"असू दे की," नसीमआपा म्हणाल्या. "पण ऊन किती आहे."

त्या गेल्यावर बाबांनी रुमालाने मान पुसली. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते नळाच्या पेटीकडे पाहत होते, आणि पहिल्यांदाच मला असं वाटलं की त्यांना तिचा कंटाळा आला आहे.

त्या आठवड्यात मंगळवारी आई भगिनी मंडळाच्या बैठकीहून आली ती चप्पल न काढताच खाली बसली. तिथे कोणीतरी तिला सांगितलं होतं की ओहोळकाकांनी पाळकसाहेबांकडून सूचनेचा कागद मागून वाचला आणि म्हणाले, तिसऱ्या रविवारी मी उभा राहणार आहे. बस, एवढंच. पण तेवढं पुरेसं होतं. तिसऱ्या रविवारी आशिषची माणसं नगरहून यायची होती, आमच्या मंडळीत पहिल्यांदाच. त्यांच्यासमोर हरकत निघाली तर सूचना अडणार, ठरलेली तारीख जाणार, आणि रूथताईला आयुष्यभर लोक विचारणार की तेव्हा नेमकं काय झालं होतं. ओहोळकाकांना मुद्दा शोधावा लागणार नव्हता. तीन वर्षं प्रभुभोजनाला न बसलेल्या माणसाच्या घरचं लग्न, हे त्यांनी नुसतं बोलून दाखवलं असतं तरी अर्ध्या मंडळीने मान हलवली असती.

"शब्द तुमचा," आई बाबांना म्हणाली, "आणि फेडायचा माझ्या पोरीने."

बायपासवरच्या गाड्यांचा आवाज एरवी आम्हाला ऐकूच यायचा नाही, तो बाकीचा आठवडाभर ऐकू येत राहिला. रूथताई कामावरून आली की साड्यांची खोकी उघडायची आणि तशीच मिटवायची. गुरुवारी बाबा ओहोळकाकांकडे जाऊन येतो म्हणून कोथरूडला गेले आणि मेथीची जुडी घेऊन परत आले. भेटले का, असं कोणी विचारलं नाही. त्यांनी घंटा वाजवलीच नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. आई मेथी निवडायला बसली. मी आतल्या आत पेटले होते. ओहोळकाकांनी हरकत घेतलीच तर त्याला उत्तर म्हणून मी मनात एक अख्खं पत्रक रचून ठेवलं होतं, मथळ्यासकट. मथळा इथे देत नाही. चांगला होता.

तो रविवार महिन्याचा पहिला होता. आशिषचे आईवडील, काका आणि एक म्हातारी आत्या असे सगळे आले. आत्याबाईंनी बाबांना झाडाखाली पाहून विचारलं, तुम्ही येत नाही का आत? बाबा म्हणाले, येतो, तुम्ही व्हा पुढे. हे खोटं होतं की नव्हतं, ते त्यांनाही ठाऊक नसावं. रूथताई आमच्याकडे न बघता पायऱ्या चढून गेली. उपासना सुरू झाली. पेटी वाजली, पण बाबा गायले नाहीत. मी एकटीने गायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या कडव्याला थांबले.

मग सूचनेची वेळ आली. पाळकसाहेबांचा आवाज खिडकीतून स्वच्छ ऐकू येत होता. रूथ मनोहर साळवे. आशिषचं पूर्ण नाव. तिसरी आणि शेवटची वेळ. कोणाची हरकत असेल तर. ते थांबले. बाया खोकल्या. आणि एक बाक करकरला.

"माझी आहे," ओहोळकाका म्हणाले.

बाबांनी माझं मनगट धरलं.

"मुलीबद्दल नाही. मुलाबद्दलही नाही," ओहोळकाका कचेरीतला अहवाल वाचावा तशा सपाट आवाजात बोलत होते. "मुलीचे वडील तीन वर्षं बाहेर झाडाखाली उपासना करतात. आपण आत बसून ते ऐकतो. बाप बाहेर उभा असताना मुलीचं लग्न इथे लावणं मला पटत नाही. ते आत येऊन बसेपर्यंत ही सूचना पूर्ण वाचली असं धरू नये."

पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले की ही नियमात बसणारी हरकत नाही.

"नसेल. मी उभा आहे."

कोणीतरी दबक्या आवाजात काही बोललं. ओहोळकाका पुढे म्हणाले, "आणि नळाचं. कुलूप मी लावायला लावलं. तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. पुढे वाटेनासं झालं, पण तोवर पत्रक निघालं होतं. पत्रकानंतर काढलं असतं तर पत्रकामुळे काढलं, असं झालं असतं. म्हणून नाही काढलं. हे काही चांगलं कारण नाही. आज किल्ली शोधत होतो. सापडली नाही."

मी आजवर पुष्कळ सभा ऐकल्या आहेत, माइकवर माफी मागणारी मोठी माणसं पाहिली आहेत. इतकी कोरडी माफी मी पुन्हा ऐकलेली नाही, आणि इतकी पुरी पडलेलीही नाही. या माणसाला पाडण्यासाठी मी आठवडाभर वाक्यं घासत बसले होते. त्यांतलं एकही आता कामाचं नव्हतं, आणि मला मोठं ओझं उतरल्यासारखं झालं.

बाबा पायऱ्यांपर्यंत गेले. मीही गेले. खालच्या पायरीशी ते थांबले. त्यांनी आत पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की तीन वर्षांत त्यांना आत जायला निदान पाचपन्नासदा वाटलं असेल. पण शेजारी मी उभी होते, त्यांच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवून. ओहोळकाकांसमोर हरायला ते एखादे वेळी तयार झाले असते. माझ्यासमोर कसं हरणार?

"छापलंय गं मी," ते म्हणाले.

"मग शुद्धिपत्र काढू," मी म्हणाले.

हे मी ठरवून बोलले नाही. छापखान्यातल्या माणसाच्या मुलीच्या तोंडून जे येईल ते आलं. पत्रकात चूक राहिली की बाबा पुढच्या वेळी खाली एक ओळ टाकायचे, अमुकऐवजी तमुक वाचावे. त्याची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. उलट ते म्हणायचे की शुद्धिपत्र न काढणाऱ्याचं काही वाचू नये.

"काय लिहायचं त्यात?"

"ते संध्याकाळी बघू. आशिषची आत्या वाट बघतेय."

बाबांनी शर्ट नीट केला आणि पायरी चढले. एक, मग दुसरी, मग दारातून आत. मी त्यांच्या मागोमाग. आत गारवा होता आणि पंख्यांचा आवाज बाहेरून वाटायचा त्याहून मोठा होता. सगळी मंडळी वळून पाहत होती, फक्त आई समोर पाहत होती. बाबा तिच्या बाकापाशी पोचले तेव्हा तिने न वळता पर्स उचलून मांडीवर घेतली. बाबा बसले. मी रूथताईच्या शेजारी शिरले. ती रडत होती आणि रडताना माझ्या पायावर पाय दाबत होती, जोरात, म्हणजे मीही रडावं. ओहोळकाका खाली बसले. पाळकसाहेबांनी सूचना पुन्हा पहिल्यापासून वाचली, रूथ मनोहर साळवेपासून, आणि हरकतीच्या वाक्यानंतर ते यावेळी जरा कमीच थांबले.

प्रभुभोजनाला पेल्यांचं ताट घेऊन आमच्या बाजूला ओहोळकाकाच आले. तीन वर्षांनी बाबांना तो लहानसा पेला नीट उचलता येईना. बाकीचे पेले किणकिणायला लागले. ओहोळकाकांनी ताट थोडं खाली धरलं. "सावकाश," ते म्हणाले. "घाई नाही." बाबांनी पेला घेतला. मी डोळे मिटायला हवे होते, पण मिटले नाहीत.

उपासना झाल्यावर आवारात चहा होता. आशिषची आत्या सगळ्यांना विचारत फिरत होती की तुमच्याकडे सूचना दोनदा वाचायची पद्धत आहे का. बाबा ओहोळकाकांपाशी गेले आणि "चाव्यांचे चिटणीस" या शब्दाबद्दल काही बोलायला लागले. ओहोळकाकांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

"ते नाव सोसायटीतही पडलंय माझं," ते म्हणाले. "गच्चीची किल्ली माझ्याकडे असते ना. चालायचं." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "एक मात्र बरं झालं. तुम्ही बाहेरून पट्टी सोडून गायचात. तीन वर्षं आतल्यांची चाल बिघडत होती."

बाबा हसले. इतके हसले की चहा सांडला, आणि पायांखालच्या ब्लॉकवर त्याचा डाग पडला. दोघांनीही त्या डागाकडे पाहिलं.

घरी येताना स्कूटरवर बाबा गात होते. चांदणी चौकाकडच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली तरी थांबले नाहीत. मला आठवतं, मागे बसून मी चिडले होते, कारण मला रडू येत होतं आणि वाऱ्याने ते गालांवर पसरत होतं. आज बाबांना कमी दिसायला लागलंय. मी त्यांना माझं लिखाण वाचून दाखवते. ते ऐकतात आणि कोथरूडच्या त्या आजोबांसारखे म्हणतात, विचार ठीक आहेत. मी अजूनही भांडते, नळांसाठी, कुलपांसाठी आणि बंद दारांसाठी, आणि भांडायलाच हवं असं मला वाटतं. आभार मानणारी माणसं भित्री असतात, असं मी तोवर मानत होते; त्या रविवारपासून मात्र ते मी कधी म्हटलेलं नाही.

घरी पोचल्यावर आईने रस्सा गरम करायला ठेवला आणि मी कागद घेऊन गठ्ठ्यावर बसले. शुद्धिपत्र संध्याकाळपर्यंत लांबवायची माझी तयारी नव्हती. दहा मिनिटांत लिहून काढलं. तहानलेल्यांच्या बाजूने उभं राहिल्याचा आम्हाला अभिमान आहे, गल्लीत आता घरोघरी पाणी आहे, म्हणून पायरीबाबतची आमची भूमिका आम्ही मागे घेत आहोत, आणि ज्यांनी चूक कबूल केली त्यांना आम्ही मोठ्या मनाने क्षमा करतो. माझं पहिलं पत्रक. मी ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. रूथताई दारात उभी राहून ऐकत होती.

बाबांनी कागद मागितला, गुडघ्यावर ठेवला आणि पेन काढलं. अभिमान खोडला. भूमिका खोडून "शपथ" लिहिलं. क्षमेची ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचली. मग ती सगळीच खोडली आणि तिच्या जागी लिहिलं, "आम्हाला आत बोलावल्याबद्दल आम्ही मंडळीचे आभारी आहोत."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच झालंय," बाबा म्हणाले.

मी वाद घालणार होते. पण आईने स्वयंपाकघरातून विचारलं की आज तरी कोणी गरम जेवणार आहे का, आणि बाबा कागद माझ्या हातात देऊन हात धुवायला गेले.